‘जरासं’ला दहा सुया

मास्तरांच्या दुकानात शिरलं की आधी पाटी दिसे आणि मग मास्तर. पाटी काळी, हातभर लांब, कापड कापायच्या टेबलाच्या बरोबर वर टांगलेली. तिच्यावर शिंप्याच्या चपट्या खडूने लिहिलेलं होतं: ‘या दुकानात पुढील शब्द चालत नाहीत. बोलणाऱ्याने दहा सुया ओवून द्याव्यात.’ खाली शब्दांची यादी. पहिला मान ‘जरासं’चा. मग ‘थोडंसं’, ‘साधारण’, ‘नेहमीसारखं’, ‘बघा तुमच्या अंदाजाने’. आणि सगळ्यांत तळाशी, अक्षर मोठं करून: ‘नियम सर्वांना लागू.’

नवा माणूस पाटी वाचून हसे. मग हात वर करून उभा राही, मास्तर त्याच्या कमरेभोवती टेप फिरवत, आणि तो सवयीने बोलून जाई, “कमरेला जरासं सैल असू द्या हं.”

टेप तिथल्या तिथे थांबे.

“जरासं म्हणजे किती?”

“म्हणजे… जरासं. फार नको.”

“पाव इंच जरासं, की दीड इंच जरासं? मागे एका गृहस्थांना जरासं सैल हवं होतं, मी अर्धा इंच सोडला. म्हणाले, मास्तर, यात मी आणि माझा मेहुणा दोघं मावतो. दुसऱ्यांना तोच अर्धा इंच सोडला, तर म्हणे श्वास कोंडतो. आता मी कोणाचं जरासं धरू?”

माणूस खजील होऊन म्हणे, “बरं, अर्धा इंच.”

“झालं की. एवढंच म्हणायचं होतं. बसा, दहा सुया.”

आणि माणूस दारापाशी, जिथे उजेड चांगला, तिथल्या स्टुलावर बसून दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करी. काहीजण मनापासून हसत ओवत, काहीजण कुरकुरत. पण ओवत सगळे. मास्तरांच्या हाताला जी सफाई होती ती आसपास कुठे नव्हती. त्यांनी शिवलेला कोट अंगात घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ चाले. अशा हातासाठी दहा सुया काही फार नव्हत्या.

शब्दांचा राग मास्तरांना जुनाच. तीस वर्षं त्यांनी या ‘जरासं’पायी कपडे उसवले होते. शिवलेलं उसवण्याइतकं दुःख शिंप्याला दुसरं नाही, स्वयंपाक करणारीला परत आलेलं भरलं ताट पाहून जे वाटतं तेच ते. त्यामुळे ते चिडत, सुनावत, कधी कापड परतही करत. पाटी मात्र नवीन होती. आणि दहा सुयांची शिक्षा पाटीहून एका दिवसानेच मोठी होती.

त्याचं कारण मास्तरांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. त्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं.

आधी वाटलं चष्मा बदलावा. बदलला. मग वाटलं दिवा बदलावा. तोही बदलला. शेवटी एके दिवशी कापड आणायला जातो असं घरी सांगून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी बाहुल्यांत उजेड पाडून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त पिकलाय, काढून टाकू. चिठ्ठी लिहून दिली. मास्तरांनी ती घडी करून खिशात घातली आणि विषय तिथेच ठेवला.

मशीनचं अडत नव्हतं. संपत आलेल्या दोऱ्याच्या शेपटाला नवा दोरा बारीक गाठ मारून जोडायचा आणि सावकाश ओढून घ्यायचा, की गाठ नेढ्यातून आपली आपण निसटते. कापणं, बेतणं हाताच्या सवयीचं होतं. घोडं अडे ते हातशिलाईवर. काजं, बटणं, अस्तर, बाहीच्या टोकाची तुरपाई, सगळं सुईवर. सुई एकदा ओवलेली मिळाली की पुढचं मास्तरांची बोटं बघून घेत. पण ओवायची कोणी? दोरा ओवायला तारेची चकती मिळते म्हणतात. मास्तरांनी आणलीही होती. ती आधी नेढ्यातच घालावी लागते, हे घरी आल्यावर कळलं.

एका सकाळी ते असेच दारात उभे राहून सुई आकाशाकडे धरून दोऱ्याने तिला टोचत होते. पाव तास झाला असेल. शेजारच्या औषधांच्या दुकानातले, ज्यांना सगळे गोळीकाका म्हणत, ते विजार घेऊन आले आणि म्हणाले, “मास्तर, ही जराशी आखूड करा.” मास्तरांच्या मनात वैताग साठलेला होताच. त्यांनी ती सुई आणि दोरा गोळीकाकांच्या हातात कोंबला. “पुन्हा जरासं म्हणालात ना, की दहा सुया ओवायला लावीन.” गोळीकाकांनी हसत हसत एका झटक्यात सुई ओवून दिली.

मास्तर त्या सुईकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

साध्या मोतीबिंदूची एवढी लपवाछपवी कशाला, असं कोणालाही वाटेल. पण मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या थोरल्या मास्तरांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे डोळे अधू झाल्याची कुजबूज सुरू झाली आणि महिन्याभरात दुकान ओस पडलं. कोणी वाईट बोललं नाही. उलट येता-जाता सगळे प्रेमाने विचारत, “आता बरं आहे ना?” आणि कापड घेऊन पुढच्या दुकानात जात. थोरले मास्तर गळ्यात टेप अडकवून रिकाम्या टेबलाशी बसून राहत. ते बसणं मास्तरांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. डॉक्टरांची सुरी एक वेळ परवडली, पण ऑपरेशन म्हटलं की गावभर होणार, आणि गावभर झालं की गळ्यात टेप आणि टेबल रिकामं.

तर असं ते गुपित. आणि पाटीने ते मोठं झकास सांभाळलं होतं.

सगळ्यांत जास्त दंड भरायची ती मास्तरांची बायको. दुकानाच्या मागेच घर. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की ती मधल्या दारातून चहा घेऊन येई आणि कप टेबलावर ठेवता ठेवता म्हणे, “जरासा गार झालाय हं.”

“अगं, बत्तीस वर्षं झाली संसाराला. किती वेळा सांगायचं?”

“चुकलं बाई. तोंडात बसलंय.”

“मग बस. दहा सुया.”

ती निमूट बसे. पुटपुटत देवाचं नाव घेई आणि एकेक सुई ओवून उशीत टोचून ठेवी. उशी म्हणजे तिनेच शिवलेली, मुठीएवढी, भुसा भरलेली. पांढऱ्या दोऱ्याच्या सुया डावीकडे, काळ्याच्या मधे, निळ्याच्या उजवीकडे. हा क्रम तिचाच. मास्तरांना रंग बघावा लागत नसे, हात आपोआप योग्य जागी जाई. हा क्रम तिने का लावला, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. बायकांना मांडामांडीची हौसच असते, एवढंच त्यांना वाटे.

देवाशी बोलतानासुद्धा तिची जीभ तशीच सैल, ही मास्तरांची तक्रार. “देवा, सगळ्यांना जरासं सुख दे,” असं ती म्हणे, तेव्हा मधल्या दारातून मास्तर ओरडत, “मागतेच आहेस तर माप सांगून माग की. जरासं दिलं आणि पुरलं नाही तर?”

“देव काही टेप घेऊन बसलेला नाही,” ती आतून म्हणे. “त्याला सगळ्यांची मापं पाठ आहेत.”

पण हळूहळू एक अडचण उभी राहिली. लोक सुधारले.

मास्तरांनी याचा विचारच केला नव्हता. सहा-सात महिन्यांत त्या रस्त्यावरचं बोलणं असं सरळ झालं की ऐकत राहावं. शाळेतल्या शिक्षिका येऊन म्हणाल्या, “बाही पाऊण इंच आखूड, खांदा आहे तसाच.” गोळीकाका तर घरून कागदावर लिहूनच आणू लागले. कोणाच्या तोंडून ‘जरा’ निघालंच, तर ते ओठावरच गिळून माणूस चटकन ‘एक सूत’ म्हणे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्या रस्त्यावर आता लहानथोरांना ठाऊक होतं. मास्तरांच्या भाषाशुद्धीचं कौतुक होऊ लागलं आणि उशी रिकामी राहू लागली.

मग यादी वाढली. ‘असो’ आलं. ‘काय आहे ना’ आलं. ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ एकाच दिवशी आले. ‘खरं सांगू का’ यावर मास्तर म्हणाले, “एरवी काय खोटं सांगता?” आणि तेही पाटीवर चढलं. सतराव्या जागी जेव्हा ‘ठीक आहे’ आलं, तेव्हा गोळीकाकांचा संयम सुटला.

“मास्तर, ‘ठीक आहे’मध्ये काय वाईट आहे?”

“ठीक म्हणजे चांगलं का वाईट? कपडा चांगला तरी असतो, नाही तर बिघडलेला तरी. ठीक कसा असेल?”

“अहो, माणूस ठीक असतो की. मी आत्ता ठीक आहे.”

“म्हणजे बरे आहात का आजारी?”

“इथे यायच्या आधी बरा होतो,” गोळीकाका म्हणाले. “आता आम्ही तोंड उघडायचं, की येऊन नुसत्या खाणाखुणा करायच्या, तेवढं सांगा.”

“दहा सुया,” मास्तर म्हणाले.

“आता काय बोललो मी?”

“‘मी आत्ता ठीक आहे’ म्हणालात.”

गोळीकाकांनी त्या सुया ओवल्या, पण जाताना दाराला पाय आपटून गेले. मास्तरांना वाईट वाटलं. माणूस सज्जन होता. पण उशीत दहा सुया होत्या, आणि त्या घटकेला तेवढंच दिसत होतं. म्हणजे दिसत नव्हतं, हाताला लागत होतं.

अशातच त्यांच्या लेकीचा निरोप आला. ती घर बदलत होती, आवराआवरीला आईने आठ दिवस यावं असं तिचं म्हणणं होतं. मास्तर “जा” म्हणाले आणि उशीतल्या सुया बोटांनी मोजू लागले.

निघायच्या दिवशी बायकोच्या जिभेला काय झालं होतं देव जाणे. “पिशवी जराशी जड झाली.” दहा सुया. “पोचायला जरासा उशीरच होईल.” दहा. “तुमचं जेवण झाकून ठेवलंय, जरासं गरम करून घ्या.” दहा. दारातून परत आली आणि म्हणाली, “जराशी हुरहुर वाटतेय बघा.” मास्तर म्हणाले, “अगं, तुझी वेळ होईल, हा दंड राहू दे.” पण ती ऐकेना. नियम तो नियम म्हणून चपला काढून बसली. सकाळचा चहा धरून पाच वेळा चुकली, पन्नास सुया ओवून गेली. उशीला हात लावायची सोय राहिली नाही, सगळीकडून शेपट्या लोंबत होत्या. मास्तर मनाशी म्हणाले, वय झालं हिचं, लक्ष राहत नाही बोलण्यात.

त्या पन्नास सुया सहा दिवस पुरल्या.

त्याच आठवड्यात स्टेनोबाईंचा कोट होता. या बाई कोर्टात लघुलेखनाचं काम करून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षं साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे जे बोलले, ते त्यांनी त्या बारीक आकड्या-रेघांच्या लिपीत जसंच्या तसं उतरवलं होतं. अजूनही त्यांच्या हातात छोटी वही आणि पेन्सिल असे, आणि कोणी काही बोललं की पेन्सिल आपोआप चाले. त्यांच्या जुन्या कचेरीत त्यांचा सत्कार होता, शुक्रवारी. त्यासाठी गडद निळा कोट.

पहिल्या दिवशी माप देताना त्या म्हणाल्या, “कॉलर जराशी रुंद ठेवा.”

मास्तरांनी पाटीकडे बोट केलं. बाईंनी सतराच्या सतरा शब्द शांतपणे वाचले, वहीत उतरवून घेतले, आणि म्हणाल्या, “मला हे मान्य नाही.”

“काय मान्य नाही?”

“हे सगळे चांगले शब्द आहेत. पस्तीस वर्षं मी माणसांचं बोलणं लिहिलंय, मास्तर. यातला एक शब्द काढला असता, तर निम्म्या साक्षी लिहिता आल्या नसत्या. ‘जरासं’ हेसुद्धा मापच आहे. टेपचं नाही, माणसाचं.”

“माणसाच्या मापाने मी कॉलर कापू?”

“कापू नका. विचारा. मी सांगेन, एक सूत. पण विचारायच्या आधी शिक्षा कसली करता? कोर्टातसुद्धा आधी विचारतात.”

मास्तरांनी नुसतं सुयांचं पाकीट पुढे सरकवलं. बाई म्हणाल्या, “दंड भरते, पण निषेध नोंदवून,” आणि वहीत निषेध नोंदवला. मग चष्माही न लावता दोन मिनिटांत दहा सुया ओवल्या आणि उशीत जिथे जागा दिसली तिथे टोचल्या. दंड भरणारे बाकीचेही तसंच करत. डावी-मधली-उजवी बाजू फक्त मास्तरांच्या बायकोला माहीत होती. ती घरी असली की रोज संध्याकाळी उशी आवरून सगळ्या सुया आपापल्या जागी लावी.

ती घरी नव्हती.

बुधवारी अकराच्या सुमारास स्टेनोबाई कोट घालून बघायला आल्या. गोळीकाका आधीच दुकानात होते, फुगलेलं तोंड घेऊन, उसवलेला खिसा शिवून घ्यायला. उशीत एकही सुई उरली नव्हती. डाव्या बाहीची तुरपाई मास्तरांनी सकाळीच शेवटच्या सुईने पुरी केली होती, अस्तराचा खालचा काठ अजून सुटा होता आणि बटणं लावायची होती. निदान दहा सुया हव्या होत्या. मास्तरांनी मनाशी ठरवलं की बाईंना बोलतं करायचं.

“कॉलर कशी वाटते?” त्यांनी विचारलं.

“सांगितली तशी, एक सूत जास्त. बरोबर आहे.”

“खांद्याला कसं वाटतंय?”

“दोन्हीकडे सारखं.”

“लांबी? जास्त वाटते का कमी?”

“गुडघ्याच्या वर चार इंच. ठरली होती तशी.”

बाई पाटी पाठ करून आल्या होत्या. मास्तरांनी तिरक्या नजरेने गोळीकाकांकडे बघितलं. “काय हो, तुम्हाला कसा वाटतो बाईंचा कोट?” गोळीकाकांनी ओठ घट्ट मिटून अंगठा वर केला. त्यांनी खाणाखुणा खरंच सुरू केल्या होत्या.

एवढ्यात बाईंनी दोन्ही हात समोर धरले आणि दाराच्या उजेडात बाह्यांची टोकं जवळजवळ आणली. “मास्तर, उजव्या बाहीची तुरपाई निळ्या दोऱ्याने आहे. डाव्या बाहीची काळ्याने.”

मास्तरांनी बाही चाचपून पाहिली. निळ्याच्या जागी हात घातला होता, निळाच लागायला हवा होता. देव माणसाच्या तोंडून कधी काय वदवून घेईल सांगता येत नाही. मास्तर घाईघाईने म्हणाले, “आज उजेड जरासा कमी आहे.”

बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. स्टेनोबाईंची पेन्सिल वहीवर चालली आणि थांबली.

“उजेड जरासा कमी आहे,” त्यांनी वाचून दाखवलं. “अकरा वाजून दहा मिनिटं.”

गोळीकाकांच्या चेहऱ्यावर वर्षभराचं समाधान पसरलं. ते उठले, त्यांनी स्वतः सुयांचं पाकीट घेतलं, रीळ घेतलं आणि मास्तरांपुढे आदराने ठेवलं. “‘नियम सर्वांना लागू.’ अक्षर तुमचंच आहे. बसा मास्तर, दहा सुया.”

मास्तर स्टुलावर बसले. दुसरं काय करणार? दोऱ्याचं टोक ओलं केलं, बोटांत पिळलं, सुई वर धरली. दोरा सुईच्या डावीकडून गेला. पुन्हा धरला, उजवीकडून गेला. गोळीकाका हसले. तिसऱ्यांदा दोरा सुईवर आपटून वाकला. चौथ्यांदा सुईच बोटांतून निसटून फरशीवर पडली आणि मास्तर ती हाताने चाचपू लागले. ती त्यांच्या बुटाशी चमकत होती. गोळीकाकांचं हसू विरत गेलं.

“मास्तर,” बाईंनी विचारलं, आवाज खाली आणून, “किती दिसतं?”

मास्तरांच्या जिभेवर पुन्हा तोच शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. समोर टेबल होतं, गळ्यात टेप होता.

“नेढं अजिबात दिसत नाही,” ते म्हणाले. “चौदा महिने झाले. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. निळा आणि काळा मला एकच दिसतो. तुमचं कापड परत न्यायचं असेल तर न्या, मी एक शब्द बोलणार नाही.”

बाईंनी वही मिटली. हे काही त्यांनी लिहून घेतलं नाही.

“साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लोक फार वेळा ‘जरासं’ म्हणतात,” त्या म्हणाल्या. “जरासं लागलं, जराशी भीती वाटली. आमच्या एका साहेबांना वाटायचं की ते खोटं बोलतात. खोटं बोलणारे तसं बोलत नाहीत, ते अगदी मोजूनमापून सांगतात. ज्याला खरं एका दमात सांगवत नाही, तो आधी जरासं सांगून बघतो.” मग त्यांनी कोट उतरवला आणि टेबलावर ठेवला. “डावी बाही उसवून पुन्हा करा. दोरा मी निवडून देते. शुक्रवारी मला हाच कोट घालायचा आहे.”

गोळीकाका तोवर फरशीवरची सुई उचलून ओवायला बसले होते. चार-पाच झाल्यावर ते दुखावल्यासारखे म्हणाले, “म्हणजे इतके महिने तुम्ही आमच्याकडून नुसत्या सुया ओवून घेत होता. आणि मी घरी सांगत होतो की माझं बोलणं सुधारतंय.”

“सुधारलंय की,” मास्तर म्हणाले.

“खरं सांगू का,” गोळीकाका म्हणाले, पाटीकडे बघून थबकले, आणि तरी बोलले, “आधी सांगितलं असतं, तरी ओवल्या असत्या.”

शुक्रवारी बाई कोट घालून सत्काराला गेल्या. दोन्ही बाह्या निळ्या.

बायको परत आली ती शनिवारी दुपारी. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच मास्तर म्हणाले, “बस. तुला एक सांगायचंय. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चौदा महिने झाले.”

“पंधरा व्हायला आले,” ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

“तुला कोणी सांगितलं?”

“विजार धुवायला घेतली तेव्हा खिशात चिठ्ठी होती. वाळवून परत ठेवली मी. तुम्ही पाहिली नाहीत का, कडेने शाई फुटली होती?” मग तिच्याच लक्षात आलं. “हो, तुम्हाला कशी दिसणार.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला सांगायचं असतं तर सांगितलं असतंत. देवाला म्हटलं, यांना सुबुद्धी दे, तोवर माझ्याने होईल ते मी करते.” ती उशी उचलून सुया आपापल्या जागी लावू लागली. “आणि बोलत होतेच की रोज सकाळी. चहा काय खरंच गार असायचा?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. चहा रोज जीभ भाजेल इतका गरम असे. पाटी लागल्यापासून वर्षभर त्यांनी तो फुंकून फुंकून प्यायला होता, तिच्या जिभेच्या नावाने बोटं मोडत. त्या पन्नास सुयाही आठवल्या. उठून त्यांनी कपाटातून चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात दिली. “वेळ घे त्यांची,” म्हणाले.

उजवा डोळा आधी झाला. आत नेताना बायको बाकावर डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. टेबलावर निजवल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता जरासं टोचल्यासारखं होईल हं.” मास्तरांच्या तोंडात प्रश्न तयार होता. जरासं म्हणजे किती? पण या वेळी त्यांना तो विचारावासा वाटला नाही. जरासं म्हणाले म्हणून बरं वाटलं होतं. माप कळलं असतं, तर कदाचित उठून घरी गेले असते.

गावभर व्हायचं ते झालंच. गोळीकाकांनी स्वतः पुढाकार घेऊन केलं, औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आणि वर म्हणाले की काम कोणी दुसरीकडे नेलं तर गाठ माझ्याशी आहे. तरी दोघे-तिघे गेलेच. त्यातले एक पुढच्या महिन्यात, दुसरीकडे शिवलेली विजार उसवायला घेऊन, परत आले. त्यांना मास्तरांनी काही विचारलं नाही.

पट्टी निघाल्यावर पहिल्या सकाळी मास्तर दुकानात आले. पहिल्यांदा पाटी दिसली. ओळी एकीकडे घसरत गेल्या होत्या, ‘साधारण’ आणि ‘असो’ एकमेकांवर चढले होते, आणि एवढी कुरूप पाटी आपण भर दुकानात लावली होती याची त्यांना लाज वाटली. ओलं फडकं घेऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत पुसली. शेवटची ओळ तेवढी राहिली, ‘नियम सर्वांना लागू’. तिच्यापाशी त्यांचा हात थबकला, कारण मधल्या दारातून बायको चहा घेऊन आली होती.

दाराचा उजेड तिच्यावर पडला होता. मास्तर कप घ्यायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

“काय बघताय?”

“तुझे केस.”

तिने एक हात डोक्यावर नेला. “हां. जरासे पिकलेत.”

मास्तरांनी सवयीने नजरेने मापलं. कानांवरचे सगळे, भांगाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं, मागचे अर्ध्याहून जास्त. एवढं सगळं या पंधरा महिन्यांत झालेलं नव्हतं.

“जरासेच,” ते म्हणाले, आणि सुयांचं पाकीट ओढून दारापाशी उजेडात ओवायला बसले.